हंसाची मान

दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडून केलेल्या रंगमंचावर
मी हंस झाले.
विदर्भाच्या राजकन्येकडे निरोप घेऊन येणारा,
गुरुजींनी अकरा वर्षं घासून घेतलेला हंस:
अंगठा तर्जनीला टेकलेला, उरलेली बोटं उघडी,
मान सरळ, राजस.

घुंगरांत धानाची तणस अडकत होती.
समोर चादरी पांघरलेलं गाव,
राजकन्या इथलीच, म्हणून
माहेरच्यांसारखं रोखून बघणारं.

खेळ संपल्यावर तिजाबाई पटले मागे आल्या.
"सगरा बेस झाला.
पन पाखरू चुकलं, बाई."
कुणीतरी मोटारसायकलचा दिवा धरला.
रोवण्यांनी वाकडी झालेली बोटं
त्यांनी चोचीसारखी मिटली,
मान आधी खाली नेली, पार बांधापर्यंत,
मग मागे, पाठीला टेकेल इतकी.
"जोडीदार दूर असला का
सारस असा हाक देते."

गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.
नागपूरच्या प्रयोगानंतर कुणी म्हणालं,
मानेत दोष आहे.
असेल.
निरोपाच्या आधी मी वाकते,
आणि मृदंगवाले त्या जागी
एक आवर्तन मोकळं सोडतात.
कशासाठी, विचारत नाहीत.