माहिती नाही

दहाचे सोळा प्रांत झाले होते
आणि माझ्याकडची हद्दींची फाईल अजून दहाचीच.
आक्राच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर
एकाच अक्षराचं नाव असलेल्या भाषेत
मी ओळ लिहिली : हे त्याला जोड.
तिने जोडलं, मुकाट.
ब्रोंग-आहाफो अख्खा राखेच्या रंगाचा होऊन समोर आला,
कारण त्या नावाने हाक मारली
तर ओ द्यायला आता कुणी नव्हतं.

नवी फाईल मिळवली.
शीव म्हणजे काय, तर बिंदूंची रांग,
निघाली तिथेच परतणारी.
शेवटचा पहिल्याला भेटला नाही
तर प्रांत होत नाही,
नुसती रेघ होते, लोंबकळती.

सोळातले पंधरा रंगले. ओटी रंगेना.
तीच अक्षरं, तोच क्रम, सकाळ गेली.
शेवटी वुनपिनी म्हणाला, "सेफाकोर, अक्षरं मोज."
तीन असायला हवी होती, चार भरली :
नावाच्या शेवटी एक मोकळी जागा,
कुणाच्या तरी अंगठ्याने चुकून दाबलेली.
तेवढ्याशा रिकामपणात
लाखो माणसं बेपत्ता होती,
होड्यांसकट, यामच्या राशींसकट.
मी ती जागा पुसली
आणि सगळी परत आली, काहीच न विचारता.

"लाल फार दिसतंय," बोआहेन साहेब म्हणाले.
पाणी घरापासून किती लांब, त्याचा नकाशा होता तो.
"कप्पे जरा सरकवून बघ."
चाळीसची रेघ त्रेचाळीसवर नेली.
दोन प्रांत फिके झाले,
एकही विहीर न खणता,
एकाही बाईच्या डोक्यावरची बादली न उतरता.
मी दोन्ही नकाशे ठेवले.
एका फाईलचं नाव अंतिम,
दुसरीचं अंतिम-खरा.

राहिलं सरोवर.
त्याला आकार आहे, क्षेत्रफळ आहे,
माणसांच्या रकान्यात काहीच नाही,
म्हणून ते करडं.
निळं करणं एका ओळीचं काम,
पण शनिवार होता, बस पकडायची होती,
प्रिंट गुंडाळून तशीच अशायमानला घरी नेली.

बाबांनी प्रांत पाहिलेच नाहीत.
चष्मा कपाळावर ढकलून
सरळ करड्यावर अंगठा ठेवला.
"जुनं क्राची. नऊ वर्षांचा होतो.
ट्रकवर खाटा चढवल्या, कोंबड्या राहिल्या.
इथे बाजार. इथून उतार.
इथे मिठाचा व्यापारी, एका डोळ्याचा,
उधारी लक्षात ठेवायचा मात्र दोन्ही डोळ्यांची."
पुढे एकतीस वर्षं त्यांनी त्याच पाण्यावर फेरी चालवली.
पाणी उतरलं की बुडक्या झाडांचे शेंडे वर येतात,
अनोळखी होडी फुटते.
त्यांची कधी फुटली नाही.
कुठलं झाड कुणाच्या परसातलं
हे त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी कोपऱ्यातली सूची वाचली, बोट फिरवत,
एकेका चौकोनाशी थांबत.
शेवटच्या करड्या चौकोनापुढे : माहिती नाही.

"कुणाला विचारलंत?"

मी चहा ठेवायला उठले.

सोमवारी सरोवर निळं केलं. सगळे करतात.
नकाशा छापायला गेला, अंतिमच गेला, दुसरा नाही.
पण कोडमध्ये एक खूण असते,
तिच्यानंतरचं त्या ओळीतलं काहीच यंत्र वाचत नाही.
निळ्या रंगाच्या ओळीवर, त्या खुणेमागे,
मी लिहून ठेवलं :
इथे बाजार. इथून उतार.
मिठाच्या व्यापाऱ्याचं नाव विचारायचं राहिलं.