कातण

मुहर्रकच्या ऑफिसात पहिल्या दिवशी
फरीदा मुकादम मॅडमनी खुर्ची ओढून घेतली, म्हणाल्या,
आधी विचार, हे दोघे एकाच भाषेत बोलतात का.
दोघे म्हणजे थर : रस्ते आणि विहिरी.
नाही विचारलंस तर तुझं अख्खं बेट
आफ्रिकेजवळच्या पाण्यात जाऊन पडेल,
शून्य अंश, शून्य अंश,
आणि तू पांढऱ्या पडद्यावर झूम करत बसशील.
(बसलो. त्याच दुपारी. सव्वा तास.)

त्या खेडच्या. इथे अठरा वर्षं.
मराठीत मध्येच 'खलास' म्हणायच्या
आणि अरबीत 'बरं का'.

बफर म्हणजे?
चुलीपासून किती लांब बसायचास?
आई सांगायची तेवढा.
तेच ते. विहिरीभोवती शंभर मीटर, शाळेभोवती दोनशे.
फक्त इथे आकडा तू भरायचा,
आणि एकक बघून भर. मागच्या पोराने मीटरऐवजी अंश ठेवले,
एका विहिरीने अर्धी पृथ्वी गिळली.

डिझॉल्व्ह म्हणजे बांध मोडणं.
एका मालकाचे सात तुकडे, मधल्या रेघा जातात, एकच रंग उरतो.
मी बघतच राहिलो.
आमच्याकडे गट नंबरला पोटहिस्से पडत जातात,
एक, दोन, दोनचा अ, दोनचा अ-तीन.
उलट दिशेने जाणारं बटण
मी पहिल्यांदाच पाहत होतो.

इंटरसेक्ट : खिडकीच्या काचेवर धरलेले दोन ट्रेसिंग पेपर.
दोन्हींत आहे तेवढंच राहतं.
मी मनातल्या मनात वाशीमवर मुहर्रक ठेवून पाहिलं.
ऊन उरलं.

मग क्लिप.
हे सगळ्यात सोपं, करंजीवर कातण फिरवल्यासारखं,
कडेबाहेरचं जातं.
खाली समुद्रातल्या हद्रांचा थर,
माशांसाठी खुंटांनी घातलेली कुंपणं, एकशे बारा.
वर किनारा.
चालवलं. हिरवी खूण. चार सेकंद.
एकोणसत्तर उरल्या. यादी छापली, काउंटरवर लावली.

रविवारी हाजी मक्की आला.
यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.
मग काउंटरला वळसा घालून सरळ आत,
आणि माझ्या पडद्यावर बोट टेकवून म्हणाला, हिनी.
इथे.
मी म्हटलं, इथे जमीन आहे.
तो माझ्या बुटांकडे बघत होता.
मॅडमनी मराठीत आणलं ते इतकंच :
म्हणतोय, आज पहाटे त्या जमिनीत
तो कमरेइतका उभा होता, आणि चार साफी मिळाले.

मॅडमनी फाइल उघडली.
किनारा_अंतिम_२.
दोन वर्षांनी भराव घातल्यावर जो असेल, तो किनारा.
कातणाला काही बोलू नकोस, त्या म्हणाल्या,
ते दाखवशील तसं फिरतं. रेघ कुणाची उचललीस ते सांग.

मागे घेता येईल?
या अवजारांना मागे फिरणं ठाऊक नाही.
पण घाबरू नकोस, मूळ थराला यांचा हात कधी लागत नाही,
दर वेळी नवा निघतो. पुन्हा चालव.

पुन्हा चालवलं. एकशे चार.
बेचाळीस नंबरला हाजी मक्की.
त्याने वाचलं, मान हलवली नाही,
काहीतरी विचारलं आणि उत्तराला न थांबता गेला.
काय म्हणाला?
मॅडम चष्मा पुसत होत्या.
विचारत होता, हा कागद कधीपर्यंतचा.

संध्याकाळी मी पडदा पुसायला घेतला.
मधोमध त्याच्या बोटाचा ठसा, मिठाने पांढुरका.
पट्टी लावून पाहिली : दीड सेंटिमीटर,
म्हणजे आमच्या प्रमाणात
पावणेचारशे मीटर पाणी.
तेवढं सोडून बाकीची काच पुसली.