थर

हनुवटी इथं टेका. कपाळ पट्टीला.
हिरव्या फुलीकडे बघा, पापणी लवू देऊ नका.
दिवसातून चाळीसदा म्हणतो मी हे,
आणि चाळीसदा कुणाचा तरी डोळा
माझ्या काचेवर उभा चिरून येतो,
पापुद्र्यामागून पापुद्रा,
रक्ताचा थेंब न सांडता.

आज राग्नफ्रिड. वय एकोणऐंशी.
ट्रोम्सोत सूर्य दिसून सात आठवडे झालेत.
बूट दाराशी काढून ती लोकरी मोज्यांवर आत आली.
एकतीस हिवाळे लिंगेनच्या उतारांवर
तिनं बर्फात खड्डे खणले, छातीइतके, सरळ भिंतीचे,
आणि भिंतीवरून उघडं बोट फिरवत वाचलं
कुठला थर कुणाच्या जिवावर उभा आहे.
रस्ता बंद करा, हा निरोप तिच्याकडून निघे.

"दाखव."
नियमात बसत नाही. दाखवतो.
ती मान तिरकी करते, मधला डाग चुकवून
कडेकडेनं बघते.

तळाशी ही रेघ. रेघेखाली साचलेलं,
म्हणून जागोजागी उंचवटे, चार वर्षांत फुगत गेलेले.
त्यांच्या माथ्यावर चमकते कण;
गेल्या खेपेला तिथंच होते,
आता बिऱ्हाड पाठीला बांधून
वरच्या थरांत निघालेत.
"आणि हे?" एका उंचवट्याच्या पोटात तिचं बोट.
तिथं काळोख आहे. मी गप्प.
"वर घट्ट, आत भुसभुशीत साखर," तीच म्हणते.
"कळलं."

भाचा ओड्गेर मागून वाकतो, जुनं चित्र, नवं चित्र:
"हा मोठा तर बसला की! कमी झालं ना, मावशी?"

ती हसत नाही.
"उतारावर पाऊल टाकलं की कधीकधी
सगळा बर्फ एकदम बोटभर खाली बसतो.
धप्प.
पोटात ऐकू येतं ते, कानात नाही.
नवी पोरं म्हणायची, बसला, म्हणजे आता धरला.
आम्ही न बोलता मागे वळायचो."

बसलेल्या जागेखाली उजेडाचे पट्टे उतरलेत,
जिथं अडायला हवा होता तिथून गळणारा उजेड.
तो मी तिला दाखवला नाही.
तिनं पाहिला असावा.

"किती महिने?"
ते डॉक्टर सांगतील, म्हणालो. माझं नेहमीचं वाक्य.
"डोंगराला आम्ही तारीख विचारत नव्हतो.
पाचपैकी किती, एवढंच लिहायचो फळ्यावर."
मी पुढच्या भेटीची वही उघडली.
"चार," ती म्हणाली, माझ्या वतीनं.

दाराशी बुटांच्या नाड्या तिनं न बघता बांधल्या.
मी म्हटलं, एकवीस तारीख रिकामी आहे, दुपारी बारा.
"वेडा आहेस का?
एकवीसला सूर्य येतो. चार मिनिटं, खिंडीतून.
त्या दिवशी
माझ्या डोळ्यांत थेंब घालायचे नाहीत कुणी."