प्रश्न चौथा, पंधरा गुण

'सद्गुण आणि स्वहित यांतला झगडा
प्राचीन चिनी विचारवंतांच्या आधारे स्पष्ट करा.'
उदाहरण मीच शिकवलेलं:
विहिरीच्या काठाला रांगत निघालेलं मूल,
बघणाऱ्याच्या पोटात येणारा गोळा,
आणि गोळा येताना कुणी हिशेब मांडत नाही.
चार ओळी. पाठ होतात.
एकशे दहा पेपर, एकशे दहा विहिरी,
सगळ्या कोरड्या.

दस्तगीर नदाफनं मात्र विहीर खोडून
वर लिहिलंय: पेव.

हरिपूरचं पेव. माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड,
खाली खोलीएवढं पोट,
तळाला उसाचा पाला, पाल्यावर वर्षभर निजलेली हळद
आणि अंधारात कोंडलेला, वास नसलेला वायू.
तोंडावरची माती फोडली की थांबायचं.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
जळत राहिला तर उतरायचं,
विझला तर बिडी पेटवून लांब बसायचं.

माझा आजा बाबालाल (इथं शाई बदललीय)
कंदील न सोडता उतरला.
दिवाणजींचा सहा वर्षांचा पोरगा आत गेला होता.
कंदील होता तिथंच, खुंटीला,
दहा पावलांवर.

वर दोरी धरून लखू ऐवळे.
तो उतरला नाही. त्याला तीन मुली होत्या.
मॅडम, तुम्ही वर्गात तो दुसरा सांगितला होता,
जगासाठी अंगावरचा एक केसही न देणारा,
तेव्हा आम्ही सगळे हसलो.
पण लखूही उतरला असता
तर दोरी ओढली कुणी असती?

पोरगा जगला. आजा चार दिवस मिरजेला, दवाखान्यात.
अडत्यानं शंभराची नोट दिली.
आज्यानं घेतली. घडी करून, कोपरीच्या खिशात.
मला ते कायम सलायचं.
एकदा विचारलं तर म्हणाला,
'पैशाचं वर आल्यावर निघालं रं.
खाली कोण बोललं होतं?'

इथं उत्तर संपतं. खाली रेघसुद्धा नाही.

नमुना उत्तर माझ्याजवळ आहे:
व्याख्या तीन, दोन्ही बाजू सहा,
उदाहरण तीन, समारोप तीन.
याच्यात व्याख्या नाही. फायद्याचा शब्द काढला म्हणून
राजालाच झापणारा तो म्हातारा गुरू नाही,
त्याचं नाव, त्याचं राज्य, इसवी सनापूर्वीचं शतक,
काही म्हणजे काही नाही.
आणि पेपरमागे ठरलेले पैसे मिळतात मला,
या एका पानानं अर्धा तास खाल्लाय.

आमच्या यार्डात पूर्वी
रुमालाखाली बोटं दाबून हळदीचा भाव ठरायचा.
आता बोली उघड होते.
माझा हात मात्र अजून रुमालाखालीच:
सात? नऊ? मॉडरेटर काय म्हणेल?

पेपर तसाच ठेवून संध्याकाळी
चिंचांच्या रस्त्यानं हरिपूरला गेले.
पेवं उरलीत कुठं. पुराच्या वर्षी पाणी आत शिरलं,
हळद कुजली, जमीन बसली,
आता खड्डे आणि वेड्या बाभळी.
एका तोंडावर कुणीतरी शहाबादी फरशी टाकलेली,
तिच्यावर एका पायावर उभी
फ्रॉकमधली एक पोर, बोरं खात.

माझी पर्स कुठं पडली कळलं नाही.
दंड धरून ओढली तिला,
ती भोकाड पसरून रडली, तिची आई धावली,
'काय बाई, फरशी पक्की हाय की!'
खरंच पक्की होती. मी टाच आपटून पाहिली.
नंतर.

घरी येऊन बारा लिहिले.
समारोपाचे तीन कापले:
त्यानं तो लिहिलाच नव्हता,
आणि विचारलं असतं कुणी
तर मलाही सांगता आला नसता.