मुद्देमालातला ळ

पंचनाम्यावर माझी सही आहे.
जोतिबा उचगावकर, टेलर, खडेबाजार, बेळगाव.
वय तेव्हा एक्कावन्न.
कागद कानडीत होता. बडिगेर फौजदार म्हणाले,
वाचून दाखवू काय?
मी म्हटलं, राहू द्या साहेब,
गिऱ्हाईक थांबलंय, ब्लाऊजला हुक लावायचेत.

समोरच्या कल्लाप्पा सांबरेकरच्या दुकानातनं
दोनशे बारा सीड्या निघाल्या.
पुण्याच्या कंपनीचा माणूस एकेक उन्हाला धरून बघत होता
आपण शंभराची नोट बघतो तशी.
असली अठरा हजाराला. ही साठ रुपयाला,
वर कल्लाप्पाचं अक्षर, मार्कर पेनचं :
मराठी टाइप. चालते.

गाठोडं बांधायला त्यांच्याकडं कापड नव्हतं.
मांजरपाट मी दिलं, दोन मीटर,
शिवलंही मीच, दाभणानं, दुहेरी दोऱ्यानं.
वर त्यांनी लाख ओतली.
कल्लाप्पा बाजूला उभा. म्हणाला,
"टाके लई बारीक घालालाईस की रे."
सवय. दुसरं काय.

गुन्हा मला नीट कळला नव्हता.
एका कापडातनं मी सदरा कापला
की दुसऱ्याला ते कापड उरत नाही.
ह्यात तर दिलेलं देणाऱ्याकडंही राहतं.
वकील म्हणाले, तिथंच तर गोम आहे.
असेलही.
ती अक्षरं कुणीतरी बसून काढली असणार,
एकेका वेलांटीला मान मोडून,
काजं करताना माझी मोडते तशी.
त्याची मजुरी कल्लाप्पानं बुडवली.
आणि आमच्या गल्लीनं, पत्रिका स्वस्तात पडतात म्हणून.

चौदा वर्षांनी साक्षीला बोलावणं आलं.
गाठोडं टेबलावर. लाख फुटली, दोरा उसवला.
सीड्यांवर बुरशी, आरशावर नक्षी काढावी तशी.
चालवून बघायला कोर्टात यंत्र नव्हतं,
नव्या कॉम्प्युटरला ती फटच नसते म्हणे.
ह्या त्याच सीड्या काय?
मी म्हटलं, सीड्यांचं सांगता येणार नाही.
टाका माझा आहे.
टाइप करणाऱ्या बाईनं मान वर करून बघितलं.

मग होसमनी वकिलांनी निशाणी सतरा पुढं केली.
लग्नपत्रिका. चि. सौ. कां. रेणुका.
माझी थोरली.
त्या नकली टाइपात ळ उमटायचा नाही,
तिथं रिकामी चौकट यायची,
कंपनीनं मुद्दाम पेरलेली खूण.
बे□गाव. मंग□वार. सक□ी नऊ वाजता.
कल्लाप्पानं साडेतीनशे पत्रिकांत
काळ्या पेनानं ळ भरला होता,
माझ्याच कटिंगच्या टेबलावर बसून,
लाइट गेलेली, मी मेणबत्ती धरून.
शेवटच्या शंभरात हात थकला
आणि ळ जरा कलंडला.
नकलेचा पुरावा म्हणून वकिलांनी
त्या कलंडलेल्यावरच बोट ठेवलं.
हे हातचं आहे?
होय साहेब. हातचं.

कल्लाप्पा खाली बघत होता.
आता तो सांबऱ्याला मुलाच्या बेकरीत बसतो,
बोटांच्या पेरांत मैदा.

निकालाचं म्हणाल तर दंड झाला, त्यानं भरला.
सीड्या मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत ठेवायच्या.
कारकून माझ्याकडं बघून म्हणाला,
तुम्ही टेलर न्हवं?
दाभण त्यांच्याकडं होतं ह्या खेपेला.
त्याच भोकांतनं दोरा ओवत गेलो.
सही मागितली तेव्हा म्हटलं, आधी वाचून दाखवा.
त्यानं वाचलं, कानडीतनं मराठी करत, अडखळत :
सीड्या दोनशे बारा. पत्रिका एक.
मांजरपाट दोन मीटर, सरकारी.

मी सही केली.