खड्यासकट

पार्सल आलं एप्रिलच्या एकवीसला.
आत परक्या लिपीतलं वर्तमानपत्र, त्यात मीठ,
मिठात घडी घातलेली काळपट पट्टी,
गिरणीच्या जुन्या पट्ट्यासारखी, वाकवली तर मोडेल.
सोबत पद्मजा बोल्लीची चिठ्ठी:
सर, ओहोटीला मांडीभर पाण्यात उतरून काढलंय.
तासभर बोटं माझी नव्हती.
मुळाशी धरलेला खडा सोडवू नका.

सर निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली.
विभागात आता मी, एक पंखा,
कपाटभर वाळलेली झाडं आणि डांबरगोळ्या.

केल्प उलगडायचं तर पाणी हवं.
कॉलेजच्या टाकीत खडखडाट.
घरी आणलं, अशोक चौकामागे.
आमचा नळ चौथ्या दिवशी येतो,
तरी हंड्यातून दोन तांबे काढले, मीठ विरघळवलं.
आईनं हंड्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.
"आता समुद्रालाही आपणच पाणी पाजायचं?"

मी घाई केली.
कड फाटली, पापड मोडल्यासारखी.

आई चाळीस वर्षं विड्या वळते.
तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं,
पट्टी नाकाशी नेली, अंगठ्यानं शीर चाचपली.
"आकुच की हे.
पान आहे, तर पानासारखं वागव."
गोणपाट भिजवलं, पिळलं, त्यात गुंडाळलं,
आणि जिथं तेंदूची पुडकी रात्रभर निजतात
त्या कोपऱ्यात, माठाच्या आडोशाला ठेवलं.
"बुडवू नको. ओल नुसती कळू दे त्याला."

सकाळी ते पुरतं जागं होतं.
दीड हात लांब, काकवीच्या रंगाचं,
उजेडाला धरलं तर पलीकडची खिडकी दिसे.
कडेची झालर हलत होती
पंख्यानं,
किंवा जुन्या सवयीनं.

खाली कागद, वर मलमल, वर टिपकागद,
त्यावर पाटा.
पुस्तकात लिहिलंय, आठवडा लागतो.
इथं त्रेचाळीस अंशात संध्याकाळीच कागद खडखडला.
गोंद लागला नाही.
आपल्याच चिकानं ते कागदाला धरून बसलं.

(अप्पा छपाई खात्यात होते.
रंग दाट करायला एक पिवळट पूड घोटायचे,
समुद्राच्या पाल्याची, म्हणायचे.
समुद्र त्यांनी पाहिला नाही.)

मूठ मात्र दबेना.
चादरीच्या सुतानं टाचली, खड्यासकट.

मग खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी:
स्थान, उत्तरेचा किनारा, सत्तरावा अक्षांश.
खोली, मांडीभर.
गोळा केले, प. बोल्ली.
कागदाच्या कडेला तंबाखूचा एक अंगठा उमटलेला,
पिवळा, रेषा मोजता येतील असा.
खोडरबर उचलला.
ठेवून दिला.

रात्री दिवा घालवल्यावर
आईनं अंधारात विचारलं,
"त्या पोरीच्या बोटांचं
पुढं काय झालं?"