रफार

सगळे विचारतात, काय दिसलं.
मेहुणा तर खुर्ची ओढून बसला, आवाज खाली आणून:
बोगदा? उजेड? कुणी बोलावलं का?

बोगदा होता. कात्रजचा नवा.
तो मागे पडून नवले पुलाकडचा उतार लागला होता,
जिथे ट्रकवाले गिअर काढून डिझेल वाचवतात.
सहा चाळीस झाले असतील. शिवापूरच्या छापखान्यातून घरी,
डिकीत एका दिवाळी अंकाची शेवटची चौसष्ट पानं,
वर दोरी, दोरीत लाल पेन.

हॉर्न वाजला म्हणतात. मला नाही आला.
उजव्या आरशात एक कपाळ आलं,
केशरी, रुंद,
आणि इतकं सावकाश
की मी ते वाचू लागलो.

उलटं वाचायला मला अडत नाही.
सतरा वर्षं शुक्रवारात खिळे जुळवले.
शिशाची अक्षरं उलटीच भेटतात माणसाला,
सुलटी होतात ती कागदावर गेल्यावर.

आईचा आर्शीवाद.

आणि मी, ज्याची वेळ भरली होती,
मनात म्हणालो: रफार चुकला.
शी वर नको. एक घर पुढे. वा वर.

एवढंच. शपथेवर सांगतो.
रामाचं नाव आठवलं नाही,
घराचा हप्तासुद्धा आठवला नाही.
डोकं झालं होतं
वीज गेल्यावर दुपारी तीनला छापखाना होतो तसं,
पट्टे थांबलेले, शाईचा वास,
आणि खिडकीच्या उजेडात एक म्हातारा
चिमट्याने एकच खिळा उचलतोय.

पंचनाम्यात दीड सेकंद लिहिलंय.
मला पुरेसा वेळ होता.
मी रफार उचलला, पुढच्या घरात ठेवला,
ओळ आवळली.

आणि ट्रक सरकला.
एक घर पुढे.

तिथे तो होता.

मी डांबरावर बसलो होतो, चष्मा जागच्या जागी.
त्याची चौकोनी पिशवी फाटून
कुणाची तरी दालखिचडी रस्त्यावर वाफाळत होती.
केबिनमधून अर्धा लोंबकळत चालक विचारत राहिला,
कुणी लागलं का, ओ, कुणी लागलं का.
गळ्यातलं कार्ड माझ्या बुटापाशी आलं होतं.
मी तेही वाचलं.
हृषीकेश नामदेव कोळपे. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

घरी कुमुदिनीला खोटं सांगितलं:
तू दिसलीस.
ती म्हणाली, कुठल्या साडीत?
मी म्हणालो, मोरपंखी.
ती काही बोलली नाही. मोरपंखी तिच्याकडे नाही.

भीती आली अकराव्या दिवशी,
पत्ता चुकून पेठापेठांतून फिरून आलेल्या
पाकिटासारखी. मी कोथिंबीर निवडत होतो.
आधी बोटं गेली, मग गुडघे,
मग घशातून असा आवाज निघाला
की खालच्या मजल्यावरचे पालेकर वर आले.
गॅस बंद आहे ना, बघून गेले.
बिचारे. दुसरं काय बघणार.

अकरावा त्याचाही होता.

डॉक्टर म्हणतात, मेंदू असंच करतो,
हाताशी असेल ते काम काढून बसतो.
सुतार असता तर तुम्हाला फळीची गाठ दिसली असती.
असेल. पण रफार मी हलवला.
ट्रक हलला तो नंतर.
हा क्रम मला कुणी बदलून देत नाही.

त्या आठवड्याचे पेपर कुमुदिनीने माळ्यावर टाकले होते.
शिडी लावून काढले. पान तीन, तळाशी, सहा ओळी.
जखमींत माझं नाव बरोबर.
वर त्याचं: ऋषिकेश.

लाल पेन घेतलं.
ऋ वर काट. समासात हृ.
षि ला दुसरी वेलांटी.

पेपर कधीच वाटून झाला होता.
मी शाई वाळेपर्यंत तो धरून उभा राहिलो,
शिडीच्या दुसऱ्या पायरीवर,
कुमुदिनी खालून शिडी धरून.